समोरच्या खोलीतलं माहेर

आधी वैशालीवहिनींचं नाव लिहिते, मग बाकीचं. मी आठवीत शाळा सोडलेली बाई. आज चार ओळी सरळ लिहू शकते ती त्यांच्यामुळे. आणि दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकते. त्यांच्यावर मी जेवढी जळले, तेवढी जगात कुणावर जळले नसेन. बाई सवतीवर जळते म्हणतात. मला सवत नाही. मला वहिनी होत्या.

वहिनींच्या घरात साधा खोडरबर हरवला तरी खटला उभा राहायचा. एकदा त्यांच्या शौर्यनं थोरल्या ओवीचा खोडरबर खाल्ला. दुसरी आई असती तर पाठीत धपाटा घालून मोकळी झाली असती. वहिनी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "फिर्यादीनं पुढं यावं. मुद्द्यावर बोलायचं."

"ह्यानं खाल्ला," ओवी म्हणाली.

"पाहिलंस का खाताना?"

"नाही, पण..."

"पण नाही. आरोपी, तोंड उघड."

आरोपीनं तोंड मिटून घेतलं. वहिनींनी पिठाच्या हातानं त्याचं गालफड दाबलं, आत पाहिलं आणि निकाल दिला. "मुद्देमाल गिळलेला आहे. म्हणजे पुरावा नष्ट करणं, हा वेगळा गुन्हा. संशयाचा फायदा देता येत नाही, कारण दातात गुलाबी तुकडा दिसतोय. शिक्षा, आठवडाभर बहिणीचं दप्तर उचलणं." तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली. त्यावर मात्र चौकशी बसली नाही.

वहिनी न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या. वकिलीची सनद होती, कोर्टात कधीमधी जायच्याही. पण दोन लेकरं, चार म्हशी आणि पुढारी सासरा, एवढं सगळं सांभाळून उरलेल्या वेळात अभ्यास. उरलेला वेळ म्हणजे काय, ते घरातल्या बायकांना सांगायला नको.

आम्ही त्यांच्या अंगणातल्या समोरच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहतो. माझं माहेर गोंदियाकडं, धानाच्या मुलखात. नवरा फिटर. माजलगावला साखर कारखान्यात काम लागलं म्हणून लग्नानंतर इकडं आलो. मी भात खाणारी, इथं भाकरी. इथली बोली कळेना, माझी यांना कळेना. त्यात माझा स्वभाव घाबरट. बँकेत स्लिप भरायची म्हटली की मी रांग सोडून घरी. दारावर कुणी अनोळखी आलं की मी आधी कडी लावणार, मग विचारणार.

अशा बाईला वहिनींनी पहिल्याच महिन्यात हेरलं. "सरिता, तू कोरी आहेस," त्या म्हणाल्या. मला राग आला. "अगं, चांगल्या अर्थानं. मला असंच माणूस पाहिजे. मी वाचलेलं तुला सांगणार. तुला कळलं म्हणजे मला कळलं."

मग सुरू झालं. मी धुणं धुतेय, वहिनी शेजारच्या दगडावर बसून सांगताहेत. "एकानं विहिरीवरची मोटार चोरली. दुसऱ्यानं लपवली. तिसऱ्यानं माहीत असून विकत घेतली. कुणाला काय करशील?"

"तिघांनाही सोडीन. जुनी असेल मोटार."

वहिनी कपाळाला हात लावायच्या. "तुझ्या कोर्टात चोरांची जत्रा भरेल बाई." आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायच्या. ऐकण्याच्या बदल्यात मला काही तरी द्यायचं होतं, म्हणून असेल, एक दिवस दहावीची पुस्तकं घेऊन आल्या. बाहेरून परीक्षा देता येते म्हणाल्या, फॉर्मही स्वतःच भरला. मी "नको, नको" म्हणत राहिले. "तुझी हरकत फेटाळण्यात आली आहे," एवढंच म्हणाल्या.

कायद्यानं त्यांना काही कमी छळलं नाही. सगळी जुनी कलमं तोंडपाठ झाली आणि नेमके कायदेच नवे आले. पोराटोरांना माहीत असलेलं चारशे वीससुद्धा तीनशे अठरा होऊन बसलं. वहिनींनी दोन दिवस पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हशीला वैरण टाकताना त्यांचा आवाज आला, "खून, एकशे तीन. चोरी, तीनशे तीन." म्हैस शांतपणे ऐकत होती. ती माझ्याइतकी चुकत नसावी.

नापास झाल्या की त्यांचं एक ठरलेलं होतं. तपकिरी कागदाचा नवा गठ्ठा आणायचा आणि सगळ्या पुस्तकांची जुनी कव्हरं काढून नवी घालायची. रडणं नाही, जेवण सोडणं नाही. अंगणात सतरंजी टाकून बसायच्या आणि मला डिंक धरायला लावायच्या.

"पुस्तकं तीच की वहिनी."

"त्यांना कुठं माहिती आहे?" कागदाची घडी नखानं दाबत त्या म्हणायच्या. "आणि मलाही आठवण करून द्यायची नाही. आजपासून नवीन बाई, नवीन पुस्तकं."

त्या कव्हरांवरसुद्धा मी जळले. काय सांगू? त्यांना हरायला काहीतरी होतं. माझ्याकडं तेही नव्हतं. वहिनींचं डोकं दुखलं की आबा, म्हणजे त्यांचे सासरे, स्वतः बामची डबी घेऊन यायचे. "वकीलसायबाचं डोकं हाय ते, साधं न्हाई." माझं डोकं दुखलं की नवरा म्हणायचा, "झोप." वहिनींचा नवरा, बाळूदादा, दोरीवर साड्या वाळत घालायचा, तेही निऱ्या काढून. मी माझ्या नवऱ्याला ते बोटानं दाखवलं. तो म्हणाला, "साडी चांगली आहे."

आबांचं मात्र दुहेरी होतं. सून न्यायाधीश होणार म्हणून गावभर सांगायचे, आणि अंगणात माणसं जमली की दर घटकेला हाक. "सूनबाई, चहा!" एकदा दोन भाऊबंद बांधाचं भांडण घेऊन आले होते. एक जण म्हणाला, मला अमक्यानं सांगितलं की यानं बांध कोरला. स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "आबा, ऐकीव पुरावा चालत नाही!"

"आगं, हितं चहा पाठव. कायदा नगं!"

चहा आला. आबांनी घोट घेतला आणि त्या माणसाला म्हणाले, "पर खरंच, तू सोता बघितलंस का बे?"

मागच्या श्रावणात वहिनींची मुख्य परीक्षा होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची. यानंतर नवी कव्हरं घालून उपयोग नव्हता. आणि नेमकी तेव्हाच गावात निवडणुकीची धामधूम. अंगणात सकाळपासून कार्यकर्ते. चहाची किटली चुलीवरून उतरेना. लेकरं, म्हशी, पाहुणे. ओट्याजवळ पुस्तक उघडं असायचं आणि सकाळी जे पान, तेच संध्याकाळी. मी बघत होते. मला धुण्याच्या दगडावर कुणी काही सांगायला येत नव्हतं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. काखेत पिशवी, हातात पुस्तकांची थप्पी, डोक्यावर पदर.

"सरिता, मी माहेरी आले."

"कुणाच्या?"

"तुझ्या. पंचमीला लेक माहेरी येते. आले."

"अहो वहिनी, तुमचं घर ते काय, समोर दिसतंय."

"माहेर किती लांब असावं याबद्दल कुठंही काही लिहिलेलं नाही," म्हणत त्या आत आल्या आणि माझ्या एकुलत्या एका खाटेवर बसल्या.

थोड्या वेळानं बाहेर हाक आली. "सूनबाई, चहा!" पुन्हा हाक. मग ओवी अंगणात जाऊन उभी राहिली आणि सगळ्या कार्यकर्त्यांदेखत म्हणाली, "आई माहेरी गेलीय."

"कवा? कुठं?"

ओवीनं आमच्या दाराकडं बोट केलं. माणसं फिदीफिदी हसली. मी आतून कडी लावली. आता खोली रिकामी करायला सांगतात, असंच मला वाटलं.

पण आबा पुढारी माणूस. पंचमीला सुनेला माहेरी न धाडणारा सासरा अशी गावात बोलवा झाली, तर बायकांची मतं गेली. ते काही वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग आत गेले, फेटा बांधून बाहेर आले, हातात नारळ आणि केळीची फणी. अंगण ओलांडून आमच्या दाराशी उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्याही, राम राम!"

माझ्या नवऱ्यानं कडी काढली. नुकताच पाळीवरून आलेला, कोपरापर्यंत ग्रीस. त्यानं मागं वळून पाहिलं, व्याही कोण आलेत म्हणून. मागं फक्त आम्ही दोघी होतो.

"बसा की आबा," तो कसाबसा म्हणाला.

"आबा न्हाई. व्याही म्हना." आबा उंबऱ्यावरच टेकले. "आमची सून लई कष्टाची हाय. जरा खाऊपिऊ घाला. आन मग, कवा धाडता?"

नवरा ग्रीसचे हात लेंग्याला पुसत राहिला. आतून वहिनी म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर."

"मी व्याह्यास्नी इचारतोय. माहेरवाशिणीनं मधी बोलू न्हाई."

"परीक्षा झाल्यावर," नवरा म्हणाला.

"ठरलं मग!" आबा उठले, अंगणात जाऊन माणसांना म्हणाले, "उद्यापासून चहा हाटेलात प्या रे." त्या दिवशी बाळूदादानं पहिल्यांदा भाकऱ्या केल्या. एक ओवीनं आम्हाला दाखवायला आणली. ती कुठल्याही देशाच्या नकाशाशी जुळली असती.

रीत म्हणजे रीत. माहेरवाशिणीनं काडी उचलायची नाही. वहिनी खाटेवर बसून वाचायच्या, मी ताट हातात द्यायचे. म्हणजे माझ्याच घरात मी सासुरवाशीण आणि त्या माहेरवाशीण! लेकरं दारापर्यंत यायची, आईला बघून परत जायची. शौर्य एकदा बाहेरूनच म्हणाला, "आई, मी आज खोडरबर नाही खाल्ला." वहिनींनी पुस्तक तोंडासमोर धरलं. बराच वेळ पान काही उलटलं नाही. मग पुन्हा पुटपुटणं सुरू.

पंचमीच्या दिवशी गल्लीत झोके बांधलेले, लेकी मेंदीच्या हातांनी हसत होत्या. लग्नापासून माझी एकही पंचमी माहेरी झाली नव्हती. गाडी बदलत, दिवस-रात्र प्रवास करून मला कोण न्यायला येणार? माझा जीव जळत होता आणि खाटेवर वहिनी म्हणत होत्या, "सरिता, जरा मीठ दे गं."

माझ्या तोंडून निघालंच. "वहिनी, तुमचं खरं माहेर धारूरला. इथून बसनं जाऊन येता येतं. माझं बघा कुठं पडलंय. तिथं कावून नाही गेलात?"

त्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "तिथं अभ्यास होत नाही," म्हणाल्या. लगेच पुढं, "बरं, मला सांग, जामीन देताना काय काय बघशील?" मी फणकाऱ्यानं म्हटलं, "कुणालाच देणार नाही." वहिनी हसल्या. "प्रगती आहे."

परीक्षा झाली. मग मुलाखत झाली. एक दिवस दुपारी बाळूदादा मोबाईल हातात घेऊन अंगणात नुसताच गोल फिरायला लागला, आणि मला कळलं. यादीत वहिनींचं नाव होतं.

मग काय विचारता! गुलाल, ताशा, तालुक्यातली माणसं. चौकात आबांनी बॅनर लावला. त्यावर वहिनींचा फोटो लहान आणि आबांचा मोठा. "न्यायाधीश सूनबाई" म्हणताना आबा दर वेळी फेटा सावरत होते. मी पत्र्याखाली उभी राहून बघत होते, आणि खरं सांगते, पेढा गोड लागत नव्हता. पास त्या झाल्या, आता त्या जाणार, आणि धुण्याच्या दगडावर मी एकटी. त्याचाही हेवा वाटला. जाणाऱ्याचा वाटतो तसा.

उन्हं उतरली तशी वहिनी गर्दीतून निसटून माझ्या खोलीत आल्या. केसांत गुलाल, गळ्यात चुरगळलेला हार. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला फोन लाव."

"माझ्या? कावून?"

"सांगायचंय." मग हार काढत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी सनद घेतली त्या वर्षी माझी आई गेली. भाऊ परमुलखात. धारूरच्या घराला कुलूप आहे, सरिता. सकाळपासून एवढ्या लोकांना सांगितलं. पण आईला सांगितल्यासारखं कुठंच झालं नाही."

मी फोन लावला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. "मावशी, मी वैशाली. सरिताच्या समोरची. मी पास झाले. न्यायाधीश झाले."

माझ्या आईला न्यायाधीश म्हणजे काय ते धड ठाऊक नाही. तिचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "पास झाली का वो माय? बरं झालं वो. दिवसभर लोकायनं घेरलं असंल. जेवली का तू?"

वहिनी "नाही," म्हणाल्या आणि माझ्या खाटेवर बसून लहान पोरीसारख्या रडल्या. तिकडून आई "बस आधी, जेव आधी" म्हणत होती. मी भात वाढायला घेतला. एवढं सगळं होऊनही मनात आलं, माझ्या आईनं मला आज एकदाही नाही विचारलं, जेवलीस का!

आता वहिनींची नेमणूक समुद्राकडच्या कुठल्याशा गावी झाली आहे. लेकरं बरोबर आहेत, बाळूदादा येऊन-जाऊन असतो. फोनवर म्हणाल्या, इथं सगळे "मॅडम, मॅडम" म्हणतात, कुणी भांडायला नाही.

माहेरवाशिणीला आणायला माहेरचं माणूस जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मी अजून एकटी बीडच्या पुढं गेलेली नाही. तिकिटाच्या खिडकीशी उभं राहिलं की मी गावाचं नावच विसरते. माझे दहावीचे दोन विषय राहिलेत, ते सुटोत न सुटोत. पण एक ना एक पंचमीला मी नारळ आणि केळी घेऊन त्यांच्या बंगल्याच्या दारात उभी राहणार आहे, आणि पहारेकऱ्यानं विचारलं की सांगणार आहे, मॅडमच्या माहेराहून आलेय, घेऊन जायला.

वहिनी, तुमचं मी फेडणार. हे रेकॉर्डवर घ्या.