काश्यप क्रमांक सात

गंधाली पिंपळापुरे हिचं लग्न ठरलं होतं. मुलीला मुलगा पसंत होता, मुलाला मुलगी पसंत होती, दोन्ही घरांत पोहे खाऊन झाले होते. फक्त मंडळाच्या संगणकात मुलगी सापडत नव्हती.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या तिच्या आईला, शारदाबाईंना, ही बातमी श्रावणी सोमवारी कळली. उपासाच्या दिवशी त्या कुणावर आवाज चढवत नसत. म्हणून फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "सापडत नाही म्हणजे काय हो? सकाळीच तर डबा घेऊन गेली."

"डबा नेणारी वेगळी आणि नोंदीतली वेगळी, वहिनी," पलीकडून मंडळाचे सचिव भार्गवराव म्हणाले. "आम्हाला नोंदीतली पाहिजे."

गंधाली पंडरीतल्या एका ठोक कापडवाल्याकडे हिशेब पाहते. निरंजनचं भनपुरीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. सुरतेहून निघालेला साड्यांचा एक गठ्ठा भनपुरीत हरवला, आणि तो शोधता शोधता ही दोघं एकमेकांना सापडली. गठ्ठा अजून सापडलेला नाही. निरंजनला त्याच्या आजीनं, मीराबाईंनी, लहानाचं मोठं केलं. त्यांची हुंड्याबिंड्याची काही अपेक्षा नव्हती. त्यांना फक्त मंडळाच्या मशीनचं अनुरूपता पत्र पाहिजे होतं. पत्र आलं तर साखरपुडा, नाही तर पोरानं दुसरीकडे पाहावं.

श्री स्नेहसंवर्धक मराठी मंडळात पूर्वी वधूवरांची एक फाइल होती. ती कपाटात आरामात मावत असे, आणि हाच तिच्यातला दोष ठरला. पुण्याला झालेल्या एका परिषदेत भार्गवरावांनी बिग डेटा या विषयावर व्याख्यान ऐकलं. बिग डेटा म्हणजे कपाटात न मावणारी माहिती, असं त्यांना समजलं. परत आल्यावर त्यांनी आधी कपाट काढून टाकलं.

मग माहितीसाठी तीन यंत्रणा घेण्यात आल्या. जवळच्या राजिमला तीन नद्या मिळतात, त्या धर्तीवर त्यांना महानदी, पैरी आणि सोंढूर अशी नावं दिली. महानदीत नोंदी साठवायच्या, पैरीनं जोड्या जुळवायच्या, सोंढूरनं घरोघरी संदेश पाठवायचे. तिघींनी एकच टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, वाचायचं आणि एकच उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं. तिघींना हे कुणी कळवलं नव्हतं.

शारदाबाई मंडळात पोचल्या तेव्हा या यंत्रणा सांभाळणारा चिराग तिथेच होता. तो बंगळूरला कामाला होता, आता रायपूरच्या घरून काम करतो. मराठी सगळी समजते. उत्तर हिंदीत देतो. त्यानं एका पडद्यावर गंधालीचा फोटो दाखवला.

"देखिए काकू, महानदी में है."

"आहे की मग."

"पैरी में नहीं है." त्यानं दुसरा पडदा दाखवला. तिथे काहीच नव्हतं. "वही टेबल, वही क्वेरी. रीफ्रेश किया, रीस्टार्ट किया, रात को पूरा डेटा दोबारा चढ़ाया."

"मग?"

"अब महानदी में दो बार दिख रही है."

अडचण कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी सापडलं. पैरीला जोडी जुळवताना दोघांचं गोत्र वेगळं आहे का, ते पाहायचं असतं, आणि गंधालीच्या गोत्राची जागा रिकामी होती. फॉर्म विनायकरावांनी, म्हणजे गंधालीच्या वडिलांनी भरला होता. रेल्वेत जन्म गेलेला माणूस; खात्री नसताना सही न करण्याची सवय. त्यांनी लिहिलं होतं, "शांडिल्य, बहुतेक." पैरीच्या यादीत 'बहुतेक' नावाचे ऋषी नव्हते. तिनं ती जागा पुसून टाकली.

अर्थात हे एकट्या विनायकरावांचं नव्हतं. गोत्राचा रकाना सक्तीचा करावा म्हणून ज्या सभासदांनी मागच्या वर्षी सभा डोक्यावर घेतली होती, त्यांनी स्वतःच्या फॉर्मात तिथे "हो", "चांगले", "आईला विचारून कळवतो" आणि एकानं "लागू नाही" असं लिहिलं होतं. निरंजनच्या रकान्यात "वरीलप्रमाणे" होतं. वर त्याची उंची होती.

"तं मग लिहा न शांडिल्य," विनायकराव म्हणाले. "बहुतेक काढून टाका. मी जबाबदारी घेतो."

"दुरुस्ती पैरीतून होती है, अंकल. उसके लिए पहले नोंद मिलनी चाहिए."

"मग शोधा."

"शोधायला गोत्र लागतं," भार्गवरावांनी गंभीरपणे सांगितलं.

शारदाबाईंनी सावकाश विचारलं, "पण बाबा, जागा रिकामी असली तर असली. त्या मुलाचं गोत्र हिच्यापेक्षा वेगळं आहे, एवढं तरी धरता येईल ना?"

"नहीं काकू. रिकामी जागा किसी के बराबर नहीं होती. और किसी से अलग भी नहीं होती. वो होती ही नहीं, मगर रहती है."

शारदाबाईंनी नकळत हात जोडले. प्रवचनात असं वर्णन त्यांनी ऐकलं होतं, पण ते ब्रह्माचं होतं. त्याचं लग्न जमवायचं नव्हतं.

मंडळाची तातडीची सभा पुढच्या सोमवारी बोलावण्यात आली. समोसे आले, शारदाबाईंनी नुसतं पाणी घेतलं. भार्गवरावांनी उपाय मांडला. ज्याला आपलं गोत्र माहीत नाही त्यानं काश्यप सांगावं, अशी रूढी आहे. तेव्हा सगळ्या रिकाम्या जागी काश्यप भरावं. परंपराही राहील, तांत्रिक अडचणही सुटेल. टाळ्या झाल्या. परंपरा आणि तंत्रज्ञान एकाच ठरावात बसल्याचा तो मंडळाच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग होता. चिरागनं एक बटन दाबलं.

संध्याकाळी गंधाली पैरीत दिसू लागली. निरंजनही दिसू लागला. दोघंही काश्यप होती.

दुसऱ्या दिवशी सोंढूरकडून गंधालीच्या मोबाइलवर संदेश आला. राखीपौर्णिमा जवळ आली असून आपल्या सगोत्र बंधूंची यादी सोबत जोडली आहे. यादी लांब होती. वरून चौथं नाव निरंजनचं होतं.

"आई, ये क्या बकवास है?" गंधालीनं फोन पुढे केला.

"वाचते गं," शारदाबाई म्हणाल्या. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. यादीत भार्गवरावांचेही दोन्ही मुलगे होते.

मंडळात फोनवर फोन आले. जवळपास सगळाच समाज काश्यप निघाल्यामुळे कुणाचं कुणाशी जमेना. ज्यांची लग्नं होऊन नातवंडं झाली होती, त्यांनाही पैरीनं फेरविचाराची सूचना पाठवली. अध्यक्ष नाना बक्षींवर मात्र याचा परिणाम झाला नाही. आपण सगळे एकच कुटुंब आहोत, असं ते दर गणेशोत्सवात सांगत आले होते. आता ते यंत्रानं सिद्ध झालं, म्हणून त्यांनी पेढे वाटले.

चिरागला वेगळीच चिंता होती. "सर, सारा लोड काश्यप पे आ रहा है. एक मशीन मरी जा रही है, बाकी खाली बैठी हैं."

"मंडळातही तसंच आहे," भार्गवराव म्हणाले. "उपाय सांग."

उपाय सोपा होता, असं चिरागचं म्हणणं. गर्दीचे तुकडे करायचे. काश्यप-१, काश्यप-२, असे वेगवेगळे गट पाडले की काम सगळ्या मशिनींत वाटलं जातं. हे फक्त यंत्राच्या सोयीसाठी, माणसांशी त्याचा काही संबंध नाही, असं त्यानं तीनदा सांगितलं आणि लेखी दिलं. ते लेखी अजून आहे. काश्यप-० आलेल्यांनी हरकत घेतली, म्हणून त्यांना काश्यप-१० करण्यात आलं. त्यावर ते आणखी चिडले.

गंधाली काश्यप-२ झाली, निरंजन काश्यप-७. पैरीला ही दोन गोत्रं सरळसरळ वेगळी दिसली, आणि तिनं तिसऱ्या दिवशी अनुरूपता पत्र काढलं. शारदाबाईंनी ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मीराबाईंना फोन करायला उठल्या.

"थांब," विनायकराव म्हणाले. "घाई काहून करून राहिली?"

"आता काय राहिलं?"

"आपण दोन नंबरवाले आहो. तो सात."

"बरं मग?"

"बरं मग काय? बक्षी एक नंबर, भार्गवराव एक नंबर. त्यायच्या खालोखाल आपण. पारेकरांनी काल चारमधलं स्थळ परत पाठवलं. अन् मी डायरेक्ट सातमधे पोट्टी देऊ? चार लोक काय म्हणतील मले?"

"अहो, परवापर्यंत तुम्हाला आपलं गोत्र माहीत नव्हतं."

"म्हणूनच तं. आता माहीत झालं."

शारदाबाईंना वाटलं हे एकट्या यांचंच असेल. तर बाहेर निघाल्यावर वेगळंच कळलं. हळदीकुंकवाला एक-नंबरच्या बायका एका सतरंजीवर बसू लागल्या होत्या. सात, आठ, नऊ यांच्या घरी जेवावं की नुसता चहा घ्यावा, यावर मंडळाच्या ग्रुपवर चर्चा चालू होती. कुणीतरी काश्यप-१ चा मूळ पुरुष थेट भोसल्यांच्या पदरी होता, असा लेखही टाकला होता. दुपारपर्यंत त्यावर शंभर हात जुळले.

त्या पुन्हा चिरागकडे गेल्या. "बाळा, हे नंबर कशावरून दिले?"

"काकू, मोबाइल नंबर का आखिरी अंक. बस."

शारदाबाईंनी अंक आठवून पाहिला. गंधालीचा मोबाइल दोनवर संपत होता. ते सिम पंडरीच्या दुकानात बादली घेतल्यावर फुकट मिळालं होतं.

घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. आता तरी त्यांचे डोळे उघडतील, अशी त्यांची आशा होती. विनायकरावांचे डोळे खरोखर उघडले.

"एवढंच होय? मग निरंजनले सांग, नवीन सिम घे."

निरंजनचा या घरावर जीव होता. त्यानं भनपुरीला चौकशी केली, एकवर संपणारं सिम जास्तीचे पैसे देऊन मिळवलं आणि मंडळात नोंदवलं. रातोरात तो काश्यप-१ झाला. सकाळी मीराबाईंचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"शारदाबाई, राग मानू नका. पण आमचा मुलगा आता एक नंबर. तुमची दोन. कालपर्यंत गोष्ट वेगळी होती."

"काल तो सात होता, आजी."

"त्या दिवसांची आठवण करून देऊ नका. फार सोसलं आम्ही."

मग गंधालीनंही एकवर संपणारं सिम घेतलं. आता दोघंही काश्यप-१, दोन्ही घरं तोडीस तोड, कुणालाच काही कमी नाही. दुपारी पैरीनं अनुरूपता पत्र रद्द केलं आणि सोंढूरनं गंधालीला बंधूंची नवी यादी पाठवली. या वेळी निरंजन पहिल्या क्रमांकावर होता.

संध्याकाळी ती दोघं शारदाबाईंच्या ओसरीवर येऊन बसली. गंधालीचे डोळे सुजले होते. निरंजन हातातली दोन्ही सिमं उलटीसुलटी करत होता.

"काकू, आप ही बोलिए. कौन सा डालूँ?"

शारदाबाई उठल्या. त्या आत गेल्या. विनायकराव मोबाइलवर काश्यप-१ चा इतिहास वाचत होते.

"हिमालयानं लग्नात महादेवाला गोत्र विचारलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "महादेव गप्प बसले. त्यांचीही जागा रिकामीच होती."

"त्यायच्याकडे मंडळ नव्हतं," विनायकराव म्हणाले.

"हव. म्हणून पार्वतीचं लग्न झालं."

इतकं बोलून त्यांनी देव्हाऱ्यातलं पत्र उचललं, मिठाईच्या डब्याखाली घातलं, आणि मुलांना सांगितलं की लग्नाला सोमवार सोडून कोणताही दिवस चालेल. सोमवारी त्यांना जेवायला येता येणार नाही.

लग्न कचेरीत झालं. तिथल्या बाबूनं गोत्र विचारलं नाही. ओटीपीसाठी फक्त मोबाइल नंबर विचारला. निरंजननं तिसराच सांगितला. तो ऑफिसचा होता आणि पाचवर संपत होता. बाबूला त्याचं काही वाटलं नाही. विनायकराव आले, फोटोत उभे राहिले, आणि जेवताना शेजारच्याला म्हणाले की जावई मूळचा एक नंबरच आहे, सध्या पाच वापरतो.

मंडळानं या लग्नाची नोंद घेतली. महानदीत ते झालेलं दिसतं, पैरीत दिसत नाही, आणि सोंढूर गंधालीला दरवर्षी राखीची आठवण करून देणार आहे. काम प्रगतिपथावर आहे. पंडरीत एकवर संपणाऱ्या सिमचा भाव वाढला असून, काश्यप-१० यांनी स्वतंत्र मंडळ काढलं आहे.

क्रमांक मोबाइलच्या शेवटच्या अंकावरून ठरतो, हे मंडळानं जाहीर केलेलं नाही, फक्त तुम्हाला इथे कळलं. तो अंक तुम्ही मघाशीच मनात आठवून पाहिला आणि शेजारच्याचा कोणता असेल असाही विचार केला, याची पैरीत नोंद झालेली आहे. आपला गट यथावकाश कळवण्यात येईल.