दोराचं मागलं टोक

उदयसिंहांनी फोनवर 'सराईत' असं सांगितलं आणि सगळं तिथंच बिघडलं.

फोन उजैरचा होता. मालवणकडचा हा तरुण रविवारी हौशी लोकांना समुद्रात कयाक चालवायला नेई. एका-दोघांपुरती अरुंद, लांबुडकी होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती वल्हवायची. त्यानं विचारलं, "नवखे किनाऱ्याजवळच राहतात, सराईत बेटाकडे जातात. तुम्हाला कुठं धरू?" शिवाजी पेठेतल्या तालमीत अंग घासलेला माणूस स्वतःला नवखा कसा म्हणवून घेणार?

"आणि स्पीड किती निघतो तुमचा?"

"रस्ता बघून हाय. हायवेला ऐंशी-नव्वद."

"पाण्यातला विचारतोय, सर."

"पाण्यात आडवं कोण येतंय? जास्तच निघंल की."

उजैरला ती थट्टा वाटली. (कोल्हापूरकर फोनवर असंच बोलतात, असा त्याचा समज होता.) त्यानं दोन्ही नावं सराईतांत घातली.

दुसरं नाव अनुजावहिनींचं, म्हणजे उदयसिंहांच्या बायकोचं. वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. फडताळातला डबा निघेना, दोरीवर कपडे पडेनात. उदयसिंह कागलच्या एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात माल तपासायला होते. खोट दिसली की तो नग बाजूला काढायचा, ही रोजची सवय. घरी मात्र त्यांनी बायकोलाच बाजूला काढून बसवलं. "तू बस, मी बघतो," हे त्यांचं वर्षभराचं पालुपद. भाकरी त्यांनी थापली. (तिच्याकडे कुत्र्यानंही वळून बघितलं नाही.) वहिनींची वेणीसुद्धा तेच घालत, आणि ती बघून शेजारच्या धोंडुबाईंनी एकदा काळजीनं विचारलं होतं, "पडलीस का काय गं कुठं?"

हळूहळू खांदा मोकळा होत आला. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, बाकी सगळं करा, असं डॉक्टर म्हणाले. पण वहिनी बसायच्या त्या बसायच्याच. बोलणं कमी झालं होतं. म्हणून तर उदयसिंहांनी ही सहल काढली. दोघांची होडी घ्यायची, पुढं हिला बसवायचं, मागनं आपण वल्हवायची, असा त्यांचा साधा बेत.

राधानगरीवरून फोंडा घाट उतरून ते किनाऱ्यावर पोचले, तर दोघांची होडी नव्हतीच. "सराईतांना आम्ही एकेकट्याचीच होडी देतो," उजैर म्हणाला.

उदयसिंहांनी वल्हं पात्यांची पाठ स्वतःकडे करून उलटं धरलेलं बघून त्याला काय कळायचं ते कळलं. त्यानं बेटाचा विचार सोडला, सगळ्यांना वाळूत बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हातानं ओढायचं नाही, कंबरेतून वळायचं. वल्हं खालीच ठेवायचं. पातं पावलांपाशी बुडवायचं, कंबरेपाशी काढायचं. "आणि शेजारच्याशी बोलत बोलत जेवढं जाता येतं, तोच आपला स्पीड. दम लागला, बोलणं थांबलं, म्हणजे चुकलं."

"तू माझ्या मागं ऱ्हा," उदयसिंह बायकोला हळूच म्हणाले. "काय लागलं तर हाक मार."

आणि ते सुटले. दंडांत ताकद होती, पाणी निवांत होतं. फसाफसा वल्हं मारत ते सगळ्यांच्या कितीतरी पुढं गेले. मागं वळून बघितलं तर वहिनी शेवटाला, सावकाश. त्यांना बरं वाटलं. बायको मागं आहे, म्हणजे सुखरूप आहे, असा त्यांचा हिशेब.

मग वारा सुटला. होडीचं नाक वाऱ्याकडे वळायला लागलं. सरळ करायला ते एकाच बाजूनं मारत राहिले, तेवढ्यात एक लाट आडवी आली. दंड भरून आले, मग बधिर झाले. बोटं वल्ह्याभोवती आवळली ती सुटेनात. डाव्या हाताला खडक होते, काळे, वर पांढरा फेस, आणि होडी तिकडंच सरकत होती. उदयसिंहांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. हाक मारावी तर दमच उरला नव्हता.

"अहो."

वहिनी शेजारी होत्या. धापा नाहीत, घाई नाही. हात वर जातच नव्हता, म्हणून त्यांनी वल्हं खालीच ठेवलं होतं आणि अख्खं अंग कंबरेतून वळवत त्या संथपणे येऊन पोचल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या होडीची कड धरली. दोन होड्या एक झाल्या, तसं डोलणं थांबलं.

"वल्हं मांडीवर ठेवा. धरा माझी होडी."

त्यांनी धरली. उजैर आला, पण त्याच्या मागं ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या एकाची होडी आधीच दोरानं बांधलेली होती. त्यानं खडकांकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"ताई, तुमचा ताल चांगला बसलाय. सरांना दोरानं ओढून न्याल? मी जवळच आहे."

वहिनींनी मान डोलावली. उजैरनं दोन्ही होड्या दोरानं जोडल्या. दोर ताणला गेला, आणि खडक हळूहळू लांब जायला लागले.

जरा दम आल्यावर उदयसिंहांनी मदत म्हणून वल्हं मारलं. दोराला हिसका बसला.

"तुम्ही बसा," वहिनी मागं न बघता म्हणाल्या. "मी बघते."

ते बसले. पाणी कापत जाणारी बायकोची पाठ बघत राहिले. डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची. काही करायचं नाही, नुसतं कुणी नेईल तिकडं जायचं, हे किती जड असतं ते त्यांना कळायला लागलं.

"खांदा दुखतोय काय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग बोलत का न्हाईस?"

वहिनींनी आणखी चार वल्ही मारली. मग म्हणाल्या, "वरीसभर मी अशीच बसून हाय. तुम्हाला अर्धा तास झाला न्हाय अजून."

उदयसिंह म्हणाले, "चुकलंच माझं."

"चुकलं न्हाय. जरा लईच केलंसा."

आणि त्या हसल्या. चेहरा दिसत नव्हता, पण लाईफ जॅकेटची पाठ हलत होती.

पुढच्या आठवड्यात वहिनींनी स्वयंपाकघर परत ताब्यात घेतलं. वरचे डबे खालच्या फळीवर आले आणि उदयसिंहांना भाकरीला हात लावायची बंदी झाली. गुरुवारी उजैरचा निरोप आला, वहिनींच्या फोनवर. ताईंना पुढच्या तुकडीत घेतलंय, असं त्यानं लिहिलं होतं. त्या तुकडीत बुडणाऱ्याला वाचवण्याचा सराव असतो. त्यासाठी एक माणूस लागतो, ज्याला काहीच येत नाही. शिकलेला माणूस घेतला की तो मधेच हातपाय हलवतो आणि सराव नीट होत नाही. तर सरांना वेळ असेल का?

उदयसिंहांनी तो निरोप दोनदा वाचला. चष्मा पुसून आणखी एकदा वाचला.

"काय कळवू?" वहिनींनी विचारलं.

"येतो म्हणावं," उदयसिंह म्हणाले. "आणि विचार, नवखाच धरलाय न्हवं?"