तुळजेच्या नववीसाठी जे जे सोडले त्याची हकीकत

श्री. वंदन त्या देवतेस, जी पहिल्या बाकावर मिरवत नाही आणि शेवटच्या बाकावर पेंगत नाही, मधल्या बाकावर बसून दोहींकडच्यांस सांभाळते. वंदन तिच्या वीणेस, वंदन तिच्या मोरास, आणि त्या मोराचे पीस पुस्तकात ठेविले म्हणजे विद्या आपसूक येते ऐसे ज्यांस वाटते त्या सर्व बालकांसही वंदन. पुसणे जाहले की नववीची मोहीम या राज्यात कैसी घडली, तर जैसे घडले तैसे सांगतो, कान इकडे असो द्यावा.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख मास. एक राज्य होते. नाव लिहीत नाही, लिहिल्यास सेक्रेटरीसाहेब रुष्ट होतात. चार इमारती, मध्ये वाहनतळ, वाहनतळास जाडजूड खांब, कोपऱ्यात राज्याचा दिवाणखाना, त्यास रयत क्लबरूम म्हणे, आणि एक बोअर, तिजला पाणी लहर लागेल तेव्हा येत असे. तेथे दुसऱ्या मजल्यावर हैबतराव राज्य करीत होते. नावात हैबत उदंड, स्वभावाने गृहस्थ लोण्याहून मऊ, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टेबल सांभाळीत, साहेब बोलला तर मान खाली घालीत, आणि कॅरमच्या पाटापुढे बसले म्हणजे मात्र कोणाच्या बापास ऐकत नसत. राणीसाहेब सगुणाबाई, त्यांचा दरारा सातही दिवस सारखा, फक्त सायंकाळी एका मालिकेच्या वेळी त्या कोणास रागे भरत नसत, कारण तेव्हा त्या इकडे नसतच, मालिकेतल्या सासूच्या घरी असत. कन्या एक, तुळजा. पायात वारा. खो-खो खेळे, आणि शाळेच्या खेळशिक्षिका टेंभेबाई म्हणत, "ही पोरगी खांबाला वळत नाही, खांबच हिच्याभोवती वळतो."

तर त्या वैशाखात तुळजेने आठवी सर केली आणि पेढे आले आणि पहिला पेढा देवापुढे ठेविला आणि दुसरा उचलावा तो दारात शेजारचे विसाजीपंत उभे. विसाजीपंतांचा थोरला चिरंजीव नववी आणि दहावी दोन्ही गड घेऊन पुढे गेला होता, धाकटा यंदा तुळजेबरोबर नववीस चढणार, सबब या विषयात त्यांचा शब्द राज्यात खाली पडत नसे.

"पेढे कसले वाटताय, हैबतराव?" पंत पेढा तोंडात टाकीत म्हणाले. "आठवी काय, कोणीही पास होतं. खरी गंमत आता. नववी म्हणजे पाया. पाया कच्चा तर दहावी कोसळली, दहावी कोसळली तर..." आणि त्यांनी हात असा हवेत फिरविला की सगुणाबाई पदर सावरून पुढे झाल्या.

"मग करायचं काय, भाऊजी?"

"सोडायचं. काशीला जाऊन माणसं आवडती भाजी सोडून येतात की नाही? तसं नववीला सोडायचं. आणि पोरीला एकटीला सोडायला सांगाल तर ती ऐकायची नाही. तिघांनी सोडा. मी सोडलंय."

"काय सोडलंत?"

"दुपारची झोप," पंत म्हणाले, आणि सगुणाबाईंनी त्यांस न विचारता तिसरा पेढा दिला.

मग सुमुहूर्त पाहून नववीची नवी कोरी पुस्तके, खाकी कव्हरे घालून, देव्हाऱ्यापुढे मांडिली, आणि बीजगणितास हळदकुंकू वाहिले, भूमितीस वाहिले, आणि एकेकाने पुस्तकांवर हात ठेवून सोडले. सगुणाबाईंनी मालिका सोडिली. हैबतरावांनी कॅरम सोडिला. तुळजेने खो-खो सोडावा ऐसे ठरले, आणि तिने हर्षभराने मान्य केले.

(समासात, तुळजेच्या अक्षरात: हर्षभराने कुठे? मी फक्त "बरं" म्हणाले.)

आणि तुळजेने पुसले, "कोणी मोडलं तर?"

येथे हैबतरावांस स्फुरण चढले. कचेरीत कधी चढत नसे, घरीही क्वचितच, ते त्या दिवशी चढले, आणि छातीवर हात मारून बोलून गेले, "एकानं मोडलं की तिघांचं मोडलं! पण मोडतंय कोण? बाप आहे मी तुझा." तुळजेने बापाकडे पाहिले, आणि उठून, खेळाचे बूट फडताळाच्या माथ्यावर ठेवून आली.

मग राज्यात तयारी सुरू जाहली ती काय वर्णावी. टीव्हीवर चादर पडली. बदाम भिजत पडले. मावसबहिणीच्या लग्नाचे आमंत्रण आले त्यास "यंदा नववी आहे" ऐसे उत्तर गेले, आणि पलीकडून "अरे देवा" ऐसे सहानुभूतीचे प्रत्युत्तर आले. हैबतरावांनी कचेरीतून महिन्याची रजा काढिली, साहेबांनी कारण पुसता "नववी" म्हणाले, साहेबांस वाटले इस्पितळाचे काही आहे, लगेच मंजूर केली. तुळजा सकाळी बसे, दुपारी बसे, पाच ते सात पुन्हा बसे, आणि शाळा अजून उघडलीही नव्हती.

आणि तीन दिवस सर्व यथास्थित चालिले. आणि चौथे दिवशी हैबतरावांची उजव्या हाताची तर्जनी आपोआप हवेत टिचक्या मारू लागली. जेवताना ताटातला लिंबाचा तुकडा तिने नेमका वाटीत घातला. तेव्हा ते म्हणाले, "जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स काढून आणतो," आणि निघाले, आणि पाय जिन्याने उतरले, आणि फाटकाकडे न जाता क्लबरूमकडे वळले, त्यास हैबतराव काय करणार? दार आतून लावून घेतले. पाटावर पावडर टाकिली. समोर गडी नाही, म्हणून उजव्या हाताचा एक पक्ष आणि डाव्या हाताचा एक पक्ष केला आणि दोघांत घनघोर युद्ध लाविले. पहिला डाव संपल्यावर लक्षात आले की कोपऱ्यात खुर्च्या जोडून विसाजीपंत घोरत आहेत. पंतांनी एक डोळा उघडिला. हैबतरावांनी पाहिले. पंतांनी डोळा मिटला. या प्रसंगाविषयी पुढे उभयतांत एक अक्षर बोलणे झाले नाही.

मग रोज झेरॉक्स निघू लागली. सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, एका कागदाला दोन तास? तो दुकानदार काय हातानं लिहून देतो?" हैबतराव म्हणाले, "गर्दी असते." बोटांस पांढरी पावडर होती ती त्यांनी लेंग्यास पुसली. पण हैबतरावांसही डोळे होते. राणीसाहेब रोज सायंकाळी विसाजीपंतांकडे, पंतीणबाईंस कुरडया घालू लागावयास म्हणून जात, नेमक्या मालिकेच्या वेळी जात, आणि येताना डोळे पुसत येत, आणि इतक्या दिवसांत घरात कुरडईचा तुकडाही आला नाही.

(समासात, सगुणाबाईंचे अक्षर: कुरडया घातल्या. चार. बाकीचे बखरीत लिहिण्याची गरज नाही.)

ऐसे हे तीन शपथांचे राज्य चालिले, आणि त्यातली पाळत होती ती एकटी तुळजा.

त्याउपरी वैशाख सरता सरता एके दुपारी हैबतराव झेरॉक्सेस निघाले असता, चपलेत पाय घालताना, आतून तुळजेचे फोनवरील बोलणे कानी आले. टेंभेबाई होत्या. जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी मैदानावर होती.

"नाही हो बाई, मी नाही येणार. नववी आहे ना. नाही नाही, घरचे ओरडत वगैरे नाहीत. सगळ्यांनीच सोडलंय. बाबांनी पण कॅरम सोडलाय, बाई. तुम्हाला माहितीये ना, ते किती खेळायचे."

हैबतराव तैसेच एक चप्पल घालून उभे राहिले. मग दुसरी घातली. मग खाली गेले, आणि क्लबरूममध्ये गेले, आणि डाव मांडिला, कारण हातास कोणी काही सांगितले नव्हते. डाव रंगला. राणीची लाल सोंगटी पॉकेटाच्या ओठावर येऊन थांबली, नुसती फुंकर मारिली तरी पडावी. डावा हात पुढे सरसावला. आणि खिडकीतून दिसले ते ऐसे की तुळजा कचऱ्याची बादली रिकामी करावयास वाहनतळात आली. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोणी नाही. बादली खाली ठेविली आणि सुटली. पहिल्या खांबास डावे घातले, दुसऱ्यास उजवे, स्कूटरींच्या मधून नागमोडी, वाकली ती जमिनीशी बोलत गेली, तिसऱ्या खांबास हात लावून गर्रकन वळावे, तो मध्येच थांबली. खांबास हात तैसाच. मग तो हात काढिला, फ्रॉकला पुसला, जैसे काही चोरीचे त्यास लागले होते, आणि बादली उचलून हळूहळू जिना चढली, डोळे पुशीत.

(समासात, तुळजा: रडले वगैरे काही नाही. मे महिना होता, घाम येतो.)

हैबतरावांनी स्ट्रायकर ठेवून दिला. राणी ओठावर तैसीच राहिली. कोपऱ्यातून पंत म्हणाले, "हैबतराव, घ्या की! कव्हर समोरच आहे."

"झोपा तुम्ही," हैबतराव म्हणाले. पंतांस उलट बोलण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग.

मग त्यांनी मनाशी खलबत केले. गप्प बसावे तर बापाची पत राहते आणि पोरीचा खेळ जातो. बोलावे तर पोरीचा खेळ राहतो, परंतु तिने फोनवर ज्या बापाचे नाव घेतले तो बाप उरत नाही. दोन दिवस ऐसे गेले. (येथे कागदावर पावडर सांडून एक ओळ पुसली गेली आहे. तीत विशेष काही नव्हते, हैबतराव जेवले नाहीत इतकेच.)

रविवार उजाडला. तुळजा बीजगणित उघडून बसली होती आणि घड्याळाकडे पाहत नव्हती, इतके पाहत नव्हती की ते सर्वांस दिसत होते. तोच दार उघडले आणि हैबतराव क्लबरूमचा पाट डोक्यावर घेऊन आत आले, आणि दिवाणखान्याच्या मधोमध तो मांडिला, आणि पावडर टाकिली, आणि स्ट्रायकर ऐसा हाणिला की सोंगट्या चारी मुलखांत उधळल्या आणि एक फ्रिजखाली गेली.

तुळजा म्हणाली, "बाबा! मोडलंत?"

"मोडलं."

"आत्ता?"

येथे "हो" म्हणता आले असते. हैबतरावांनी तोंडही उघडिले. मग म्हणाले, "आत्ता नाही. चौथ्या दिवशीच मोडलं. झेरॉक्स-बिरॉक्स काही नव्हती गं. दुकान तर दुपारी बंदच असतं."

तुळजेने पेन्सिल वहीवर आडवी ठेविली. "मी टेंभेबाईंना सांगितलं, बाबांनी पण सोडलंय म्हणून."

"ऐकलं मी."

"ऐकून पण दोन दिवस गप्प बसलात?"

हैबतराव पाटावरची पावडर बोटाने सारखी करीत राहिले. इतक्यात स्वयंपाकघरातून सगुणाबाई आल्या, टीव्हीवरची चादर एका झटक्यात ओढिली, आणि आवाज पुरता वाढविला, आणि मालिकेच्या पुनःप्रक्षेपणात ती सासू ओरडू लागली.

"आई, तू पण?"

"अगं रोज रोज कुरडया कोण घालतं, बाई?" सगुणाबाई त्या सासूच्या वर आवाज काढून म्हणाल्या. "मोडायचंच तर धड मोडू. ऊठ. बूट गॅलरीत आहेत. काल धुतले, पांढरं लावलंय, वाळले असतील."

म्हणजे राणीसाहेबांचा बेत आदल्या दिवशीच शिजला होता, आणि हैबतरावांस वाटले होते की मोठा पराक्रम आपणच करीत आहो.

तुळजेने बुटांच्या नाड्या बांधिल्या, अंमळ जोरातच बांधिल्या. हैबतराव चावी घेऊन पुढे झाले तो तिने हात आडवा केला. "तुम्ही यायचं नाही. आई सोडेल मला. तुम्ही बसा. बीजगणित, पहिला सरावसंच, सगळा. मी आल्यावर तपासणार."

"अगं, पण मला आता ते..."

"नववी म्हणजे पाया, बाबा."

आणि दार लागले. आणि ज्या हैबतरावांनी नववीसाठी इतके दिवस इतके काही केले होते, पुस्तक त्यांनी आज प्रथमच उघडिले. संच म्हणजे काय ते वाचिले. मग पुन्हा वाचिले. दोन वर्तुळे एकमेकांत शिरलेली काढावी ऐसा हुकूम होता, कंपास सापडेना, तेव्हा स्ट्रायकर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरविली, वर्तुळे मात्र झकास आली. आत काय लिहावे हे तितके कळले नाही. दुपार चढली. ऊन फरशीवर आले. जिन्यात पायांचा आवाज आला की ते उठत, दूधवाला निघे, पुन्हा बसत.

मग ती आली. गुडघे दोन्ही सोललेले, केसांत माती, तोंडावर काही दिसू देत नव्हती. मागून सगुणाबाई आल्या, त्यांसही बहुधा ताकीद होती, त्या थेट आत पाणी प्यावयास गेल्या.

"काय झालं गं? निवड...?"

"आधी वही."

"अगं, एवढं तरी सांग..."

"वही, बाबा."

लाल पेन घेऊन ती जमिनीवर बसली आणि तपासू लागली. फुली. फुली. एका ठिकाणी थबकली, हैबतराव पुढे वाकले, तेथे बरोबर केले. पुन्हा फुली. वर्तुळांपाशी जरा हसली, पण लगेच आवरिले. मग सर्वांत खाली शेरा लिहिला आणि वही बापापुढे सरकविली. त्यात मजकूर ऐसा: "प्रयत्न बरा. वर्तुळे उत्तम. उद्यापासून रोज पाच ते सात अभ्यासाला बसणे. मी त्या वेळी संघाच्या सरावाला असेन."

हैबतरावांनी तो शेरा वाचिला, आणि मग मोठ्याने वाचिला, आणि मग आत जाऊन सगुणाबाईंस वाचून दाखविला, जरी त्या मैदानावर स्वतः हजर होत्या.

येणेप्रमाणे नववीची मोहीम जाहली. पुढे जूनमध्ये शाळा उघडली, नववी आली, तुळजा रात्री जेवणाआधी अभ्यास करी, पहिल्या चाचणीत गुण ठीक पडले, ना फार ना थोडे. पाच ते सात हैबतराव बसतात, त्रिकोणापर्यंत आले आहेत. विसाजीपंत एकदा डोकावून गेले आणि नाक मुरडून म्हणाले, "तुमच्या घरात नववी आहे असं वाटतच नाही हो," तो किताब हैबतरावांनी मान लववून घेतला. कॅरमचा पाट क्लबरूममध्ये परत गेला. फ्रिजखाली गेलेली सोंगटी राणीच होती, ती दिवाळीच्या झाडलोटीत सापडली. जैसे घडले तैसे लिहिले, उणे असेल ते समासात पाहावे.

(समासात, तुळजेच्या अक्षरात: तपासले. ठीक.)