जाकिटाची पूजा

लाइफ जॅकेट निवडणे हे बनियन निवडण्याइतकेच सोपे कार्य आहे, असे चारकोपच्या विद्याधररावांचे ठाम मत होते. ज्या मनुष्याने एकोणतीस वर्षे विमा कार्यालयात बसून इतरांच्या जिवाची जोखीम तोलली, त्याला स्वतःच्या जिवापुरते एक जाकीट निवडता येऊ नये काय!

प्रसंगच तसा उद्भवला होता. कन्या ऋता हिचा विवाह गोराईच्या इयानशी ठरला होता. साखरपुड्याच्या दिवशी इयानचे वडील अर्बनराव भर मंडळींत हसत म्हणाले, "तुम्ही बिल्डिंगवाले पाण्याला फक्त नळाखाली भेटता!" हा घाव विद्याधररावांच्या वर्मी बसला. "येत्या रविवारी तुमच्या खाडीत स्वतः होडी वल्हवून दाखवतो!" अशी प्रतिज्ञा त्यांच्या मुखातून निसटली. पोहता तर त्यांना मुळीच येत नव्हते. वधूपक्षाची अब्रू आता सर्वस्वी जाकिटावर अवलंबून होती.

अंधेरीच्या दुकानात सौरभ नामक विक्रेत्याने फोमचे जाड, नारिंगी जाकीट त्यांच्या अंगावर चढवले, पट्टे आवळले आणि खांद्यांना धरून वर ओढून पाहिले.

"काका, डोळे मिटून हेच घ्या. वर सरकत नाही, म्हणजे मापात बसलं."

विद्याधररावांनी आरशात पाहिले. साक्षात गॅस सिलिंडर उभा होता!

"आणि ते?" त्यांनी उपरण्यासारख्या सडपातळ जाकिटाकडे बोट दाखवले.

"ते मोठ्या बोटीवाल्यांचं. पाणी लागलं की आपोआप फुगतं. पण छोट्या होडीत पाणी उडतं ना, काका, मग उगाच..."

"आपोआप!" विद्याधरराव हरखले. पुढचे त्यांनी ऐकलेच नाही.

रविवारी सकाळी पत्नी शुभाताई तबक घेऊन आडव्या आल्या.

"अहो, नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही. स्कूटरची केली, मिक्सरची केली. हा तर जिवाचा प्रश्न!"

"अगं, व्याही न्यायला येतायत."

"मग घालूनच उभे राहा. दोन मिनिटं लागतील!"

विद्याधरराव जाकीट घालून पाटावर उभे राहिले. जाकिटाला हळद लागली, भरपूर कुंकू लागले, अक्षता पडल्या. ऋता मोबाईलवर चित्रण करीत होती. शुभाताईंनी कोयत्याच्या एकाच घावात नारळ फोडला आणि त्याचे पाणी मोठ्या भक्तिभावाने जाकिटावर ओतले.

फटाक! फस्सऽऽऽ!

जाकीट अजगरासारखे टरारून फुगले. विद्याधररावांची हनुवटी छताकडे गेली, पाट घसरला आणि ते उताणे कोसळले. कुंकू पाण्यात कालवले गेले आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लालभडक ओघळ उतरले.

"अगं बाई! ह्यांचा स्फोट झाला!" शुभाताई किंचाळल्या.

नेमक्या त्याच क्षणी उघड्या दारातून अर्बनराव आणि त्यांच्या पत्नी डोरोथी आत शिरले. जमिनीवर व्याही. सदरा लाल. शेजारी विहीणबाई, हातात कोयता!

"जेजू! रगत!" डोरोथीबाईंनी छातीवर क्रूस केला.

"विहीणबाई," अर्बनराव थिजून म्हणाले, "कोयता खाली ठेवा. आधी खाली ठेवा!"

"अहो, मी पूजा करत होते!"

"माणसाची अशी पूजा?"

"कुं... कुं... कुं..." विद्याधररावांना खुलासा करायचा होता; परंतु गळा जाकिटाने आवळलेला.

"शेवटचं काहीतरी सांगतायत!" डोरोथीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

अर्बनरावांनी गुडघे टेकून ओघळाला बोट लावले, हुंगले.

"नारळाचं पाणी आहे हे!"

त्यांनी जाकिटाची नळी शोधून दाबली. हवा अशा काही आवाजात बाहेर पडली, की ऋताने लाजेने तोंड फिरवले. विद्याधरराव उठून बसले आणि मान खाली घालून हशाची वाट पाहू लागले. पण अर्बनराव हसले नाहीत.

"खाडीत पहिल्याच शिंतोड्याला हे फुगलं असतं, हात हलवता आला नसता. चला, बोरिवलीच्या जेट्टीला होडी बांधलीय. तिच्यात माझं फोमचं आहे, ते घाला."

"अजूनही न्याल मला?"

"सगळ्यांसमोर बोललात ना? मग!"

फोमचे जाकीट आवळून विद्याधरराव होडीत बसले. डोळे घट्ट मिटले, गणपतीचे नाव घेतले आणि वल्हे मारू लागले. अर्धा तास! दंड भरून आले, घामाच्या धारा लागल्या. आता खाडी नक्कीच ओलांडली असणार, अशा समाधानाने त्यांनी डोळे उघडले.

दोन हातांवर त्याच जेट्टीवर बसून डोरोथीबाई चहा पीत होत्या. होडीचा दोर खुंटाला पक्का बांधलेला होता.

"अर्बनराव! दोर सोडायचा राहिला!"

होडीत मागे बसलेले अर्बनराव पुढे वाकले आणि त्यांच्या कानाशी पुटपुटले, "हळू बोला हो! राहिला नाही, मीच ठेवलाय. लग्नात मला व्याही जिवंत पाहिजे. नंतर सोडतो!"