नजीरचाचांचा हात

“बुढ्याच्या हाताले आता काई समजत नाई.”

राइस मिलचा फिटर हे आपल्या सोबत्याला म्हणाला, तेव्हा ते दोघं नजीरचाचांच्या दुकानाच्या दारात चपला शोधत होते आणि मी आत स्टुलावर बसले होते. चाचा लेथवर वाकलेले होते. पट्टा फटफट फिरत होता. त्यांना ऐकू गेलं नसावं, असं मी ठरवून टाकलं. मी बऱ्याच गोष्टी अशा ठरवून टाकते. त्यामुळे बोलावं लागत नाही.

फिटर ज्या हाताबद्दल बोलत होता, त्याची आमच्या ब्रह्मपुरीत ख्याती आहे. नजीरचाचा कुठलीही वस्तू आधी उजव्या तळहातावर घेतात, दोनदा खालीवर करतात, डोळे मिटतात आणि मग मत देतात. लग्नपत्रिका आली तर ती वाचत नाहीत, तोलतात. “पत्रिका जाड हाय. लोक हल्के असन.” माझं पदवीचं प्रमाणपत्र आईने कौतुकाने दाखवायला नेलं, तर तेही तोललं. “कागद हल्का हाय, पर शिक्का भारी हाय. चालते.” शेजारच्या बाळाला दर जुम्म्याला हातावर घेऊन ते सांगायचे, “मागच्यापरीस दोन बोरं वाढलं.” बाळाची आई दवाखान्याच्या काट्याआधी यांना विचारायची.

ग्रॅम हा शब्द त्यांच्या दुकानात चालत नाही. “ग्राम काट्याचे असते. आपलं काम हाताचं.” त्यांची मापं म्हणजे बोर, लिंबू, बदकाचं अंडं आणि फार मोठं काही असेल तर ओल्या धानाची ओंजळ. या मापांनी त्यांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना वेड लावलं आणि तरी गिऱ्हाइकं येत राहिली.

पोट भरायला ते मिलचे शाफ्ट आणि बुश करतात. जीव मात्र गिअरच्या मुठीत. आलापल्लीकडून लाकूड आणणारे ट्रकवाले, वडशाच्या फेऱ्या मारणारे जीपवाले, सगळ्यांच्या गाड्यांना चाचांच्या हातची मूठ असायची. वरून साग, गुळगुळीत, तेल पाजलेला. आत पितळेची वाटी आणि वाटीत ओतलेलं शिसं. मला वाटायचं शोभेसाठी असेल. एकदा त्यांनी समजावलं. मूठ हलकी असली तर गिअर हाताने ढकलावा लागतो, दिवसाच्या शेवटी ड्रायव्हरचं मनगट जातं. मुठीला वजन असलं की नुसतं निघायला सांगायचं, पुढचं ती स्वतः जाते आणि गिअरमध्ये पडते. पण शिसं जास्त झालं तर खड्ड्यात गाडी आदळली की तीच मूठ गिअर सोडून देते. “वजन पाह्यजे, बोझा नाई,” चाचा म्हणत. हे वाक्य ते मुठीबद्दल म्हणत, जावयाबद्दल म्हणत आणि सरपंचाच्या भाषणाबद्दलही म्हणत.

आणखी एक तऱ्हा होती. मूठ होत आली की ते ती लेथवरून काढत, “पानी दाखवून आनतो” म्हणत आणि पडद्यामागच्या खोलीत जात. दोन मिनिटांनी परत येत. कधी पुन्हा लेथला लावून पोटातून थोडं शिसं कोरत, कधी सरळ फळीवर ठेवून देत, म्हणजे झाली. लोक म्हणत, पितळेला काहीतरी पाजतात, घराण्याची विद्या आहे. मागच्या खोलीत जरीनाचाची बिड्या वळत बसलेल्या असत. त्यांचे गुडघे गेले होते, बाहेर फारशा येत नसत. लहानपणी मी पडद्याखालून पाहायची ते फक्त त्यांचे हात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोलता बोलता न मोजता बांधलेला बिड्यांचा कट्टा. कधी एक बिडी कमी नाही, एक जास्त नाही.

चाची गेल्या त्याला दीड वर्ष झालं. चाचांनी चाळीस दिवसांनी दुकान उघडलं. त्यानंतर ट्रकवाले एक-एक करून मुठी परत आणू लागले. कोणी म्हणालं साखरेची बीमारी, तिने हातापायाची जाण जाते. कोणी म्हणालं वय. मग परत आणणंही बंद झालं, लोक चंद्रपूरहून तयार प्लास्टिकच्या घेऊ लागले. चाचा मात्र दर वेळी तसेच पडद्यामागे जात, पाणी दाखवत आणि बाहेर येत. एकदा ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, “ज्या दिवशी हाताले समजनार नाई, त्या दिवशी पट्टा उतरवून ठेवीन. मंग हे मशीन भंगारवाल्याचं.”

अशात तो पुणेवाला उपटला.

तो इकडे मित्राच्या लग्नाला आला होता आणि परतताना वडशाहून रेल्वे पकडायला काळीपिवळी जीपमध्ये पुढे बसला. आमच्या जीपमध्ये पुढच्या बाकावर चौघं असतात, गिअर मधल्या माणसाच्या गुडघ्यांत येतो. ड्रायव्हर क्लच दाबतो आणि म्हणतो, “भाऊ, थर्ड टाका.” पुणेवाल्याने टाकला. पुढे वडशापर्यंत सगळे गिअर त्यानेच टाकले, आणि उतरताना मूठ कोणी केली ते विचारून घेतलं. त्याच्याकडे जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. तिला अशीच मूठ हवी होती. अगदी हीच.

त्याचे संदेश इंग्रजीत येत, म्हणून चाचांनी मला बोलावलं. मी समोरच राहते, घरी बसून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते, आणि इंग्रजी शाळेत शिकले आहे. त्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत आणि घरी इंग्रजी शब्द निघाला की मामेभाऊ नकला करत. दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. लिहायला मला आवडतं.

“तोच तोल याच्या गाडीत चालनार नाई,” चाचा म्हणाले. “जीपची दांडी लांब, याची आखूड. नव्यानं पाहा लागन. त्याले लिव, गिअर म्हनजे जावई होय. ढकलून घरात घेतल्या जात नाई, मान देल्ला का खुद येते.”

मी लिहिलं, कृपया गिअर जोरात टाकू नये.

पुणेवाल्याने विचारलं, मूठ किती ग्रॅमची होईल?

“त्याले लिव, तुह्या मायनं तुले घास काट्यावर तोलून भरवला होता का?”

मी लिहिलं, वजन हाताने ठरवलं जाईल.

“इतकुसंच?” चाचांनी फोनमध्ये डोकावून विचारलं.

“इंग्रजी छोटी असते, चाचा.”

मूठ झाली. पंधरा दिवस लागले. सागाच्या आतला काळा पट्टा बरोबर अंगठ्याखाली येईल असा त्यांनी तुकडा निवडला होता. पाणी दाखवून बाहेर आले आणि मूठ माझ्या हातात दिली. “पाह्य बेटा. कशी हाय?”

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. दोन वर्षं मी त्याच जीपने वडशाला क्लासला जात होते. मुलींना पुढे बसवतात, म्हणून गिअर माझ्या गुडघ्याशी येई. पहिल्या महिन्यात मी फक्त पाय आखडून घेत असे. मग एकदा ड्रायव्हरभाऊ म्हणाले, “बाई, थर्ड टाकता का?” आणि मी टाकला. नंतर दोन वर्षं टाकत होते. आईला कळलं असतं तर तिने जीप बंद केली असती. ती मूठ माझ्या हाताला पाठ आहे. सकाळी थंड लागायची, आणि निघाली की हातातून पळून जातेय असं वाटेपर्यंत स्वतः जाऊन थांबायची.

नवी मूठ मी हातात घेतली आणि मला लगेच कळलं. ती पळणारी नव्हती. ती बसणारी होती.

“मला काय कळतं, चाचा,” मी म्हणाले.

त्यांनी ती सुती कापडात गुंडाळली. पोस्टात मीच नेऊन दिली.

तीन आठवड्यांनी संदेश आला, लांबलचक आणि फार सभ्य. मूठ सुंदर आहे. पण जड आहे. खराब रस्त्यावर दोनदा गिअर आपोआप सुटला, एकदा मागे ट्रक होता. जीपमधली अशी नव्हती. शेवटी एक ओळ होती. ही त्याच माणसाने केली आहे का?

चाचा कापडाने हात पुसत माझ्याकडे बघत होते.

“छान आहे म्हणतात,” मी म्हणाले. “अजून एक हवी आहे. किंचित हलकी.”

“त्यानं एवढं लिवलं,” ते म्हणाले, “अन् मराठीत इतकुसंच?”

मी फोन ओढणीत लपवल्यासारखा धरला. त्यांनी सागाचा दुसरा तुकडा काढला.

दुसरी मूठ होत आली तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्यात लख्ख काहीच नव्हतं. धानाचा हंगाम होता. मिलचा भुसा सगळ्या गावावर उतरलेला, आभाळही त्याच रंगाचं. फिटर शाफ्ट परत करून ते वाक्य बोलून गेला होता, तोच हा दिवस. चाचा दुसरी मूठ घेऊन पडद्यामागे गेले. पट्टा रिकामाच फिरत राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. माझा फोन वाजायला लागला, पुणेवाल्याचा. तो मला घ्यायचा नव्हता, म्हणून मी पडदा सारला.

त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. चुलीशेजारी एक लाकडी पाट होता आणि पाटावर भंगारातल्या गाडीचा गिअरचा दांडा बसवलेला, आखूड कापलेला. त्यावर ती मूठ. स्वयंपाकघरात गाडी घुसून बाकीची गाडी विरघळून गेली असावी, तसं दिसत होतं. मला हसू यायला हवं होतं. चाचा पाटाच्या एका बाजूला उकिडवे बसले होते. समोर चटई होती. चटईवर रिकामं सूप होतं, स्वच्छ पुसलेलं. ते पाट थोडा चटईकडे सरकवून वाट बघत बसले होते.

फोन वाजून थांबला.

“पानी दाखवून राह्यलो,” ते म्हणाले. “फिटर खोटं नाई बोलला.”

“तुम्ही ऐकलंत?”

“पट्ट्याचा आवाज मले येतच नाई, बेटा. चाळीस वर्साचा हाय तो. लोकायचं सगळं ऐकू येते.” त्यांनी उजवा हात उघडून चुलीच्या उजेडात पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. “पर फिटर म्हनते ‘आता’ समजत नाई. त्याले कोन सांगन. पयलेपासूनच समजत नोतं. म्या आनून ठेवो. तुही चाची बिडी वळता वळता एक हात लावे अन् म्हने, एक बोर काढा. नाई तं म्हने, राहू द्या. लोक म्हनत नजीरचा हात. थे आतून हसे. मी म्हनो, सांगून देऊ का? थे म्हने, नोको, गिऱ्हाईक बाईच्या सांगन्यानं मूठ नेत नाई.”

मी चटईकडे बघत होते. बाळ, पत्रिका, माझं प्रमाणपत्र. त्यांना त्यातलं काय कळलं होतं कोण जाणे. तोलायची सवय मात्र त्यांनी सोडली नव्हती.

“पुनेवाल्यानं अखरीले काय लिवलं होतं?” त्यांनी विचारलं. “तू बोलली नाई थे.”

“विचारलं होतं,” मी म्हणाले, “ही त्याच माणसाने केली आहे का.”

ते थोडेसे हसले. “वजनाचा आदमी हाय.” मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. “त्याले लिव, होत नाई. दोन ओळीत लिव, इंग्रजी छोटी असते. पट्टा उतरवतो मी.”

पडदा सारून ते बाहेर गेले. पट्टा अजून फिरत होता. त्याच्यापलीकडे पान्हे चाळल्याचा आवाज आला. चाचा सगळ्यात मोठा पान्हा शोधत होते.

मी बसले. चटईवर नाही, तिच्या शेजारी फरशीवर. दांडा आखूड होता, कोपर वेगळ्या जागी आलं. अंगठ्याखाली सागाचा काळा पट्टा आला. मी डोळे मिटले आणि थर्ड टाकला. परत आणला, पुन्हा टाकला. मूठ निघाली, निम्म्या वाटेपर्यंत छान पळाली, आणि शेवटी धपकन बसली. थोडंसंच. मला माहीत होतं कितीसं.

बाहेर पान्हा सापडला होता. मी ओरडले नाही. नेहमी बोलते त्याच आवाजात बोलले.

“जड आहे, चाचा. एक बोर काढा.”