मिक्सर नको, गिअर हवेत

प्रल्हादराव परुळेकरांनी वरच्या मजल्यावरच्या वसुंधरावहिनींना सायकल देण्याचा शब्द दिला तेव्हा सायकल त्यांची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणिकपूरच्या एका दुकानाने गणपतीच्या खरेदीवर सोडत ठेवली होती. पहिलं बक्षीस गिअरवाली माऊंटन बाईक, दुसरं मिक्सर. पहिल्याला आशालताबाई परुळेकरांचं नाव निघालं आणि दुसऱ्याला नेमकं वसुंधरावहिनींचं.

"अदलाबदलच करू ना," वहिनी जिन्यातच म्हणाल्या. "माझ्याकडे मिक्सर आहे, आणि माझा भाचा सायकल सायकल करतोय."

"न्या की," प्रल्हादराव म्हणाले. "आमच्याकडे कोण चालवणारंय?"

"मी," आशालताबाई म्हणाल्या.

विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्या जिन्यात दोघांनी एकदम वळून त्यांच्याकडे बघितलं. आशालताबाई शाळेत चित्रकला शिकवत, पन्नाशीला टेकल्या होत्या. वेंगुर्ल्याला लहानपणी त्या भावाची सायकल पळवून चालवायच्या, हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. "नाव माझं निघालंय," त्या म्हणाल्या. "मला वाटण घालायचंच असेल तर मी पाट्यावर घालीन."

प्रल्हादराव सरकारी कचेरीत मुरलेले. त्यांनी तिथल्या तिथे तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत सायकल नीट चालली तर आशालताची, नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर मिक्सर खाली आणि सायकल वर. वहिनी लगेच कबूल झाल्या. बाईमाणूस, पंजाबी ड्रेस आणि गिअर या तिन्हींचं जमणार नाही अशी त्यांची खात्रीच होती.

पण जमलं. आशालताबाई शाळेत सायकलवरून जाऊ लागल्या, आणि नाक्यावर लोक वळून बघत तेव्हा त्या मुद्दाम घंटीशिवाय, ओरडून वाट मागत. मग सायकलच बिघडली. साखळी उतरू लागली, गिअर कटकट करत मधेच अडकू लागला. विशेष म्हणजे हे दुखणं दर सोमवारी उपटे. त्यात सीटही कोणीतरी वर करून ठेवलेली असे. आशालताबाई रविवारी सकाळी नालासोपाऱ्याला चित्रकलेच्या परीक्षेचे वर्ग घ्यायला रिक्षाने जात. त्या वेळात सोसायटीची कार्टी हात मारत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि सगळ्यांना एकदम झापलं.

प्रल्हादराव मात्र समंजस वागत होते. "भावजी दर रविवारी हवा भरायला नेतात हो सायकल," वहिनी म्हणाल्या, "हातात धरून, चालत." शिवाय येताना ते होळी गावची ताजी भाजी आणत. कोवळी भेंडी, पडवळ, कधी सोनचाफ्याची फुलं. कचेरीतल्या कोण्या मित्राची तिकडे वाडी होती म्हणे. नवऱ्याला पश्चात्ताप झालेला दिसतो, असं आशालताबाईंना वाटलं आणि त्या जरा विरघळल्याही.

सायकल घेऊन त्या आधी नाक्यावरच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

"गिअर काढून टाकू," दुकानदार म्हणाला. "सिंगल करून देतो. आयुष्यात कटकट नाय."

"कटकट काढ. गिअर ठेव."

"मॅडम, सगळ्यांचे काढलेत मी. हा बघा डबा." डबा खरोखरच लोकांच्या गिअरनी भरला होता. आशालताबाईंनी सायकल ओढून घेतली, पण वाद चालू असताना त्याने सवयीने स्टँड ठोकून दिला होता.

विरार स्टेशनजवळच्या दुकानदाराने सायकल ठेवून घेतली. परत मिळाली तेव्हा तिला मडगार्ड होते, साखळीवर पत्र्याचं झाकण होतं, पुढे गुलाबी टोपली होती, आणि गिअरची वायर सुतळीने आवळून बांधलेली होती. "आता हलतच नाय," तो अभिमानाने म्हणाला. "लेडीज सायकलला असंच पायजे."

"ही लेडीज सायकल नाही. ही माझी सायकल आहे," आशालताबाई म्हणाल्या. त्यांनी तिथेच दातांनी सुतळी तोडली.

घरी प्रल्हादराव टोपली बघून हसले. "आता फक्त दुधाचे कॅन लटकवायचे राहिलेत. दसरा जवळ आला बरं."

हे शेवटचं वाक्य आशालताबाईंना लागलं. मिक्सर आला असता तर कुणी त्यांना हसलं नसतं, आणि त्याचाच त्यांना राग येत होता. पहिल्यांदाच काहीतरी फक्त त्यांच्या नावाने घरात आलं होतं, आणि ते काढून घ्यायला जो तो टपला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेला रजा टाकून त्या अडकलेल्या गिअरवरच सायकल रेटत, घामाघूम होत थेट माणिकपूरला सोडतवाल्या दुकानात गेल्या.

"आम्ही विकतो. रिपेअर नाय करत," दुकानदार म्हणाला. "आणि मॅडम, ही माऊंटन बाईक. इथे डोंगर कुठाय?"

"जीवदानीचा डोंगर आमच्या खिडकीतून दिसतो. तुम्ही पान्याचं बोला."

पाना काही मिळाला नाही. बिचाऱ्याने कॅरिअर मात्र फुकट बसवून दिला.

दुकानाबाहेर त्या सायकल धरून उभ्या होत्या तेव्हा चर्चच्या बाजूने एक बाई गिअरच्या सायकलवरून आली आणि चढावर सहज गिअर बदलून पुढे निघाली. कसलाही आवाज नाही. आशालताबाईंनी धावत जाऊन तिला अडवलं. तिचं नाव अँजेलिना, शेजारच्या शाळेत शिकवत होती.

"होळीला जा, सॅन्टनकडे," ती म्हणाली. "बोलतो फार, पण काम करतो."

सॅन्टनचं दुकान म्हणजे केळीच्या वाडीच्या तोंडाशी त्याच्या घराचाच ओटा होता. तो पूर्वी बोटीवर फिटर होता आणि ही गोष्ट तो पाणी विचारायच्या आधी सांगायचा. आज मात्र त्याने बाईंकडे बघितलंच नाही. सायकलकडे बघून कपाळाला हात लावला.

"परत आली? आणि हा काय अवतार केलाय हिचा? साहेब कुठायत?"

"कोण साहेब?"

"परुळेकर साहेब. दर रविवारी येतात ना विरारवरून. मी एकदम फर्स्टक्लास करून देतो, आणि घरी पोचेस्तोवर हे वाट लावतात. उभ्या सायकलचा गिअर पाडतात, बाय. किती वेळा बोललो, आधी पायडल मारा, मग गिअर टाका. बोटीवर असते तर कॅप्टनने उतरवलं असतं."

आशालताबाई ओट्यावर बसल्या. भेंडी, पडवळ, सोनचाफा आणि वर केलेली सीट, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. "साहेब आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, सायकल लॉटरीत लागली मला. पण मिसेसला नाय आवडत, ती मिक्सरच्या मागे लागलीय." सॅन्टनने पाना उचलला. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"मिसेस," आशालताबाई म्हणाल्या. "हे स्टँड, झाकण, टोपली, कॅरिअर, सगळं उपटा. आणि सीट खाली घ्या. एवढी घट्ट करा की कुणाच्या बापाला वर करता येणार नाही."

सॅन्टनने आधी टोपली उपटली आणि मग तो सीटकडे वळला.

घरी आल्यावर त्यांनी होळीचं नावही काढलं नाही. दसऱ्याच्या सकाळी वसुंधरावहिनी मिक्सरचा खोका आणि भाचा घेऊन खाली आल्या. सायकलला झेंडूची माळ होती. कठड्यांवर शेजारी गोळा झाले होते.

"मग भावजी, शब्द म्हणजे शब्द," वहिनी म्हणाल्या.

"हो, पण आज द्यायचा म्हणजे... घाई कशाला," प्रल्हादराव पुटपुटले. "दिवाळीपर्यंत बघू ना."

"छे, आजच बघू," आशालताबाई म्हणाल्या. "नीट चालते का, एवढंच ठरायचंय ना? मी चालवली तर म्हणाल, हिचा हात बसलाय. तुम्ही चालवून दाखवा."

"मी? मला कुठे येते?"

"बसा हो. हवा भरलेली आहे."

प्रल्हादरावांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. लेंग्याची नाडी आवळून ते निमूट सायकलवर बसले. सीट इतकी खाली होती की गुडघे हनुवटीला लागत होते. तरी त्यांनी आवाराला झोकात फेरी मारली, वळणावर हात सोडून नाक पुसलं आणि पायडल मारत मारत गिअर बदलला. कटकट झाली नाही. वहिनींच्या हातातला खोका तसाच राहिला.

"आधी पायडल, मग गिअर," आशालताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "सॅन्टनचा निरोप होता, तो लागू पडला. वहिनी, सायकल नीट चालते. मिक्सर वर न्या."

प्रल्हादराव उतरले. शेजाऱ्यांकडे बघत घसा खाकरून म्हणाले, "सायकल हिची आहे. हिच्या नावानेच निघाली."

"हेच रविवारी होळीला सांगून यायचं," आशालताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सायकलला साखळीचं कुलूप आलं. किल्ली आशालताबाईंच्या पर्समध्ये असते. दर रविवारी भाजीची पिशवी हातात घेऊन प्रल्हादराव ती मागतात. आशालताबाई थोडा विचार करतात, देतात, आणि सीट मात्र खालीच असते.