पाहुण्यांची तोड आधी

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने, ऊसतोडीचा क्रम यापुढे संगणक ठरवील, असा ठराव एकमताने मंजूर केला. त्या कामावर मुबश्शिरा शेख हिची नेमणूक झाली. ती कामात चोख होती. कारखान्याला तिच्याविषयी दुसरी तक्रार नव्हती.

तिच्या संगणकभाषेत एक सोय अंगचीच होती. प्रत्येक नियमाशेजारी त्याची माहिती आणि एक उदाहरण लिहायचं. मग यंत्र ते उदाहरण स्वतः चालवून बघे. लिहिलेलं आणि घडणारं जुळलं तर हिरवी खूण, नाही तर तांबडी. तीच माहिती आपोआप कारखान्याच्या संकेतस्थळावरही चढे.

मुबश्शिराने पोटनियमांतलंच लिहिलं: ज्याची नोंद आधी, त्याची तोड आधी. उदाहरणाला पुंजाराम घेतला. त्याची नोंद सगळ्यांत पहिली होती, आणि उसाला तुरे येऊन वजन घटत चालल्याने तो रोज कचेरीत येऊन बसत असे. यंत्राने पुंजारामला शेवटी टाकलं. कारण चेअरमन आप्पासाहेबांच्या पाहुण्यांचा ऊस आधी, ही तोंडी आज्ञाही तिला आत घालावी लागली होती. खूण तांबडी झाली.

तपासणी पथक येऊ घातलं होतं. तातडीची बैठक भरली. तांबड्यालाच हिरवा रंग द्यावा, अशी एका संचालकाने सूचना केली. ती विचारार्थ ठेवण्यात आली.

"मॅडम, चुकलंय काय? लिहिलेलं, का चालतंय ते?" आप्पासाहेबांनी शांतपणे विचारलं.

"दोन्ही जुळत नाहीत, साहेब."

"कारखाना तर चालतोय. मग लिहिलेलं बदला."

तिने बदललं. खूण हिरवी झाली आणि 'पाहुण्यांची तोड आधी' हा नियम उदाहरणासकट जगजाहीर झाला.

सकाळी फाटकावर गर्दी उसळली. मोर्चा समजून बंदोबस्त मागवण्यात आला. पण घोषणा कुणीच देईना. पुंजाराम सगळ्यांत पुढे होता.

"ताई, आप्पासायबांच्या आत्याची ननंद आमच्याच वाडीत दिल्ती," तो म्हणाला. "म्हंजी आमी पाहुनंच की."

मागचे सगळेही असेच कुठून कुठून पाहुणे निघाले. कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली; नातं नाकारणार कोण? आप्पासाहेबांनी सगळ्यांना चहा पाजून मान्यता दिली. सगळेच पाहुणे झाल्यावर यंत्राला क्रम लावायला नोंदीची तारीख तेवढी उरली. टोळी पहिल्यांदा पुंजारामच्या फडात उतरली. नोंद करायची कधी गरजच न पडलेला आप्पासाहेबांचा सख्खा मेहुणा शेवटी गेला. पथकाने हिरवी खूण बघून समाधान व्यक्त केलं.

नियमच चुकीचा आहे, असा अर्ज मात्र एकही आला नाही. वाचकहो, आपण तो नक्कीच केला असता. तरी आपलाही ऊस कधी तोडीला आलाच, तर आप्पासाहेबांचं आजोळ कोल्हारचं आहे, एवढं कानावर असू द्यावं.